वापशाचा आकडा

प्रति,
मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे



मी मृदाशास्त्राचा निवृत्त शिक्षक. मंगळवेढ्याजवळ आमची पाच एकर काळी आहे. नोकरी सुटल्यापासून मी तिथेच राहतो, ज्वारी करतो आणि सवय सुटत नाही म्हणून अधूनमधून मातीचे डबे भरून तोलतो. हेच पत्र टपालाने पाठवलं असतं तर त्यावर आवक क्रमांक पडला असता आणि ते फायलीत गेलं असतं. तसं होऊ नये म्हणून ते चारचौघांत लिहितो आहे.

मागणी आधीच सांगतो, म्हणजे वाचताना शोधावी लागणार नाही. आपल्या खात्याने महसूल मंडळांत हवामान केंद्रांचे जे खांब उभे केले आहेत आणि पुढे ग्रामपंचायतींत जे उभे राहायचे आहेत, त्यांच्या बुडाशी मातीतली ओल मोजणाऱ्या सळ्या पुरा. खांब पाऊस मोजतो, तापमान, आर्द्रता, वारा मोजतो. मातीत काय उरलं ते मोजत नाही. पीक मात्र त्या उरलेल्यावर जगतं.

माझे चुलते वापसा पायाने ओळखायचे. हस्ताचा पाऊस उघडून चार-सहा दिवस झाले की अनवाणी शेतात उतरायचे, टाच रोवून पाहायचे, मग वाकून मूठभर माती दाबायचे. लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर फुटला, तर वापसा. थप्पकन बसला तर अजून चिबड आहे, औत घालायचं नाही. वळलाच नाही तर उशीर झाला. मग बांध ओलांडून दुसऱ्या तुकड्यात जायचे, तिथली जमीन मुरमाड, तिचा वापसा चार दिवस आधी येऊन गेलेला असायचा. एकाच पावसाचे दोन तुकड्यांत दोन निकाल. मी कॉलेजात पोरांना हेच 'फील्ड कपॅसिटी' म्हणून शिकवलं, पण चुलत्यांचा शब्द जास्त नेमका होता. पाणी किती आहे एवढंच तो सांगत नाही, ती माती तेवढ्या पाण्यात कशी वागेल हेही सांगतो.

आता हीच ओल आकाशातून मोजली जाते. त्याविषयी माझ्या मनात अढी नाही, उलट कौतुकच आहे. नोकरीतल्या शेवटच्या काही हंगामांत आम्ही उपग्रहाच्या आकड्याशी जमिनीवरचा आकडा ताडून पाहण्याचं काम केलं. उपग्रह सकाळी सहाच्या सुमाराला डोक्यावरून जाणार, म्हणून आम्ही साडेचारला उठून जीपमध्ये. हातोडी, लाकडी ठोकळा, पाच सेंटीमीटर उंचीची लोखंडी कडी, ॲल्युमिनियमचे डबे, खडूने लिहिलेले नंबर. कडी ठोकायची, माती भरायची, झाकण लावायचं, पुढच्या शेतात. दुपारी प्रयोगशाळेत वजनं, मग १०५ अंशांवर २४ तास ओव्हन, पुन्हा वजनं. एकदा मध्यरात्री वीज गेली आणि ओव्हन निम्म्यावर थांबलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि आमच्या नोंदवहीत त्या दिवशी अख्खं शिवार उगाचच कोरडं निघालं. (ओव्हन नीट चाललं नाही तर माती ओलीच राहते, सुटलेलं पाणी कमी भरतं, आणि शेत कोरडं दिसतं. हे उमगायला आम्हाला तीन दिवस लागले. उपग्रहाचं यंत्र बिघडलं आहे असं आमच्यातल्या दोघांनी तोवर जाहीरही करून टाकलं होतं.)

सकाळी सहाच का, तर त्या वेळी मातीचं आणि तिच्यावरच्या पिकाचं तापमान जवळजवळ सारखं असतं. दुपारी वरची माती तापलेली, आतली थंड, पानं तिसऱ्याच तापमानाला. त्यातून ओलीचा हिशेब काढणं अवघड. आणि हिशेब काढायचा कशातून? प्रत्येक वस्तू आपल्या उबेने अगदी मंद अशा मायक्रोवेव्ह लहरी बाहेर टाकत असते. कोरडी माती त्या भरपूर टाकते, ओली माती कमी. याचं मूळ पाण्याच्या कणात आहे. त्याची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण. लहर आली की तो तिच्याबरोबर वळतो. हा वळण्याचा गुण ज्या आकड्यात मोजतात त्याला डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट म्हणतात. हवेचा १, कोरड्या मातीचा ३-४, पाण्याचा ८०च्या घरात. इतका मोठा फरक निसर्गात सहसा मिळत नाही. मातीत थोडं पाणी मिसळलं की तिचा आकडा लगेच वर सरकतो, आणि वरून पाहणाऱ्याला ती निराळी दिसते. ढग असले तरी दिसते, रात्री दिसते. जमिनीत पुरायच्या सळ्याही याच गुणावर चालतात, फक्त त्या लहर स्वतः सोडतात आणि ती किती वेळात परत आली किंवा किती भार साठला ते मोजतात.

युरोपीय अवकाश संस्थेचा स्मॉस उपग्रह नोव्हेंबर २००९ मध्ये गेला. इंग्रजी वाय अक्षरासारखे तीन हात आणि त्यांवर ६९ छोटे अँटेना. नासाचा स्मॅप ३१ जानेवारी २०१५ ला गेला, सहा मीटर व्यासाची जाळीची थाळी मिनिटाला चौदा-पंधरा फेरे फिरवत. दोघेही २१ सेंटीमीटरच्या आसपासच्या लहरी ऐकतात. या लांबीच्या लहरींचा पट्टा जगभर राखीव आहे, तिथे कुणी प्रक्षेपण करायचं नाही असा नियम आहे, कारण विश्वातला हायड्रोजन नेमका याच पट्टीत बोलतो. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला ज्या मोठ्या दुर्बिणी उभ्या आहेत त्याही ही २१ सेंटीमीटरची लहर ऐकू शकतात. खगोलशास्त्रज्ञांनी आकाशाकडे कान लावता यावा म्हणून जी शांतता मागून घेतली, त्याच शांततेत उपग्रह खाली कान लावून मंगळवेढ्याची ओल ऐकतो. नियम सगळे पाळतात असं नाही. स्मॉसला सुरुवातीला आशिया आणि युरोपच्या मोठ्या भागांवर बेकायदा प्रक्षेपणांचा इतका गोंगाट ऐकू आला की तिथले आकडे टाकून द्यावे लागले.

कौतुक इथे थांबवतो. कारण आकडा आपल्या टेबलावर येतो तेव्हा तो कसा झाला हे त्यावर लिहिलेलं नसतं.

स्मॅपचा मूळ चौकोन ३६ किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद, म्हणजे १,२९६ चौरस किलोमीटर. आपल्या राज्यातला सरासरी तालुका त्याहून लहान आहे. एवढ्या जागेसाठी एक आकडा. स्मॅपवर सोबत एक रडारही होतं, ते तीन किलोमीटरपर्यंत बारीक पाहू शकत होतं आणि दोघांचं मिळून नऊ किलोमीटरचं चित्र काढायचं असा बेत होता. कामाला लागून तीन महिने होत नाहीत तोच, ७ जुलै २०१५ ला, ते बंद पडलं. आज नऊ किलोमीटरचे जे आकडे दिले जातात ते गणिताने बारीक केलेले आहेत. ऐकणारा कान मात्र चाळीस किलोमीटरचाच आहे.

आता आमच्या भागात या चौकोनात काय काय बसतं ते पाहा. भीमेकाठचा ऊस, बारा महिने पाण्यात, माणसाच्या डोक्यावर गेलेला. त्याला लागून माळ, जिथे कुसळाशिवाय काही नाही. सांगोल्याकडे मुरमावर डाळिंब. आमच्याकडे पुरुषभर खोल काळी. थोडं वर सरकलं की उजनीचं पाणी. पाण्याचा एक तुकडा चौकोनात आला तर अख्खा चौकोन ओला दिसू लागतो, म्हणून नकाशावरून तेवढं पाणी वजा करावं लागतं. पण उजनी ऑक्टोबरात ११७ टीएमसी भरलेली असते आणि मे महिन्यात कित्येकदा मृत साठ्यात गेलेली असते. काठाची रेघ काही किलोमीटर पुढे-मागे होते. वजा कुठलं पाणी करायचं? आणि उसाचं काय? चौरस मीटरला पाच किलोच्या वर पाणी अंगात बाळगणाऱ्या पिकाखालची माती आम्हाला नीट दिसेल असा दावा स्मॅपच्या शास्त्रज्ञांनी कधी केलाच नव्हता. वाढलेला ऊस त्या रेषेच्या पलीकडे आहे.

तरी चौकोनाचा आकार ही माझी मुख्य तक्रार नाही. चौकोन लहान होत जातील, त्याकडे येतोच. खरी अडचण खोलीची आहे.

उपग्रहाला वरची सुमारे पाच सेंटीमीटर माती दिसते. आमची रब्बी ज्वारी, मालदांडी, पेरणीनंतर बहुतेक वेळा एकही पाऊस न घेता येते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत खाली साठलेल्या ओलीवर तिने जगायचं. त्या ओलीचा हिशेब ढोबळ मांडतो. चांगल्या काळ्या जमिनीत वापशाला शंभर घनफळ मातीत चाळीसच्या आसपास पाणी असतं, आणि पीक कायमचं सुकतं तेव्हाही तेवीसच्या आसपास शिल्लकच असतं, ते मातीने इतकं घट्ट धरलेलं असतं की मुळाला सुटत नाही. मधले सतरा पिकाचे. एक मीटर खोलीत ते १७० मिलिमीटर भरतात. वरच्या पाच सेंटीमीटरमध्ये फक्त साडेआठ. वीस हिश्शांतला एक हिस्सा उपग्रह पाहतो. बाकीचे एकोणीस त्याच्या नजरेआड, आणि ज्वारीचा संसार सगळा त्या एकोणिसांवर.

त्यातही एक गंमत आहे, ती कुठल्या अहवालात मला आजवर भेटली नाही. ज्वारी वीतभर झाली की आमच्याकडे कोळपणी सुरू होते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, असं जुनी माणसं म्हणतात. कोळपं वरची दोन-तीन बोटं माती मोकळी करतं, ती उन्हाने भुरभुरीत कोरडी होते आणि खालची ओल वर यायची वाट तुटते, भेगाही बुजतात. म्हणजे वरचा थर शेतकरी मुद्दाम वाळवतो, खालचा वाचावा म्हणून. उपग्रहाला काय दिसणार? कोरडं शेत. जो जितका जागरूक, त्याचं शेत तितकं दुष्काळी. उलट ज्याने कोळपलं नाही त्याच्या वरच्या थरात दोन दिवस जास्त दमटपणा दिसेल, आणि महिन्याने त्याची ज्वारी पोटरीत अडकेल.

दुसरी बाजूही अशीच. तीन आठवडे उघडीप पडावी, खरिपाची बाजरी माना टाकून उभी असावी, आणि उपग्रह यायच्या आदल्या रात्री चार मिलिमीटर बुरबुर यावी. वरचा थर ओला. सकाळी सहाला आकडा चढलेला. दुपारी दोनपर्यंत ते पाणी हवेत गेलं, मुळाला त्याचा थेंब कळला नाही, पण नोंद 'ओल समाधानकारक' अशी झाली. पुन्हा नोंद होणार दोन-तीन दिवसांनी.

वरच्या थरावरून खालच्या ओलीचा अंदाज बांधायची गणितं आहेत, आणि ती वाईट नाहीत. वर जे पाणी दिसलं ते हळूहळू झिरपत खाली जाणार, असं धरून ती चालतात. काळी जमीन तसं चालू देत नाही. उन्हाळ्यात तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. वळवाचा पहिला जोराचा पाऊस वरचा थर भिजवायच्या आधीच भेगेतून थेट तळाला जातो. मग जमीन फुगते, भेगा मिटतात, आणि पाणी वरून सावकाश उतरायला लागतं. वरची ओल खालच्या ओलीला भिडली की आमच्याकडे 'ओलीला ओल मिळाली' म्हणतात, आणि त्या दिवशी घरात जेवणाला जरा चव येते. ही तारीख शेतकऱ्यासाठी वर्षातली फार मोलाची तारीख. राज्यातल्या कुठल्याही नोंदीत ती सापडत नाही.

आता आकड्याच्या अर्थाविषयी. समजा चौकोनाचा आकडा आला २२. आमच्या काळीत २२ म्हणजे ज्वारी सुकलेली. बांधापलीकडच्या मुरमाडात वापसा वीसच्या आत-बाहेर असतो आणि पीक सुकतं दहाच्या खाली. तिथे २२ म्हणजे नुकताच चांगला पाऊस झालेला. आकडा एकच, एका शेतात सुतक आणि दुसऱ्यात बारसं. त्यात स्मॅपने स्वतःला घालून घेतलेली चुकण्याची मर्यादा शंभरात चार. काळीच्या सतरात चार म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा, आणि मुरमाडाच्या दहात चार म्हणजे पाच हिश्शांतले दोन. म्हणून नुसता आकडा बोलत नाही. ती माती किती धरते आणि किती सोडते, हे शेजारी लिहिलं तरच त्याचा वापसा होतो.

आणखी एक गोष्ट सांगितली की बरेच अधिकारी चमकतात, म्हणून इथेही सांगतो. उपग्रहाचा आकडा पूर्णपणे वरून येत नाही. काळ्या मातीचे कण इतके बारीक असतात की त्यांच्या पृष्ठभागाला पुष्कळ पाणी चिकटून बसतं. चिकटलेलं पाणी लहरीबरोबर मोकळं वळत नाही, म्हणून ते बरंचसं अदृश्य राहतं. ही कसर भरून काढायला मिरोनोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाचं सूत्र वापरतात, आणि ते सूत्र पहिला प्रश्न विचारतं तो हा, की या जागी चिकणमाती किती टक्के? उत्तर मातीच्या नकाशातून द्यायचं. नकाशा ढोबळ असला तर आकडा ढोबळ. उपग्रह कितीही कोटींचा असो. आपल्याकडे तर नागपूरला मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था १९७६ पासून आहे, राज्याची माती तिने ठिकठिकाणी उकरून पाहिली आहे. हे ज्ञान आपल्या घरात आहे.

जमिनीवरच्या पडताळणीत मात्र आपण मागे आहोत. स्मॅपचे आकडे खरे की खोटे हे ज्या मुख्य ठिकाणांवर तपासलं गेलं त्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमातलं लिटल वॉशिता आहे, कॅनडातलं कारमन आहे, ऑस्ट्रेलियातलं यांको आहे, अर्जेंटिनातलं मोंते बुए आहे, स्पेनमधलं एक जाळं आहे. दख्खनच्या काळ्या जमिनीवरचं एकही नाही. यात त्यांचा दोष नाही. ज्यांनी सळ्या पुरल्या, वर्षानुवर्षं राखल्या आणि आकडे उघडे ठेवले, त्यांच्या मातीवर उपग्रह जुळवला गेला. आपण पुरल्या नाहीत.

पुण्याने हे काम जगाच्या बरोबरीने सुरू केलं होतं, याचं मला जास्त वाटतं. १९३२ मध्ये डॉ. एल. ए. रामदास यांच्या हाताखाली हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग पुण्यात सुरू झाला. जमिनीलगतच्या बोटभर हवेत काय घडतं, मातीतलं तापमान आणि ओल कशी हलते, हे त्या माणसाने साध्या उपकरणांनी मोजून दाखवलं. ते जिथे बसत, तिथून आपलं कार्यालय फार लांब नाही.

आपण म्हणाल, दुष्काळ जाहीर करणं महसूल खात्याचं काम, मला का लिहिता? कारण खांब आपले आहेत. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेत पाऊस कमी पडल्याचा पहिला निकष लागला की पुढे परिणामांचे चार निकष तपासतात: पेरणी किती झाली, उपग्रहाला पिकं किती हिरवी दिसतात, धरणं-भूजल-नद्यांची स्थिती काय, आणि मातीत ओल किती. मग दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी. या चारांपैकी पेरणीची नोंद तलाठी आणि कृषी सहायक करतात, धरणाची पातळी पट्टीवर वाचतात, विहिरींची खोली मोजतात. मातीची ओल तेवढी कुणी हात लावून मोजत नाही. ती गणितातून येते, पाऊस आणि उपग्रह आणि नकाशा घालून. चार साक्षीदारांपैकी एकाला कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण त्याची साक्ष नोंदली जाते.

३१ ऑक्टोबर २०२३ ला राज्याने ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, २४ तीव्र आणि १६ मध्यम. आमच्या जिल्ह्यातले पाच होते: बार्शी, करमाळा, माढा, माळशिरस, सांगोला. मंगळवेढा नव्हता. सांगोल्याला का मिळालं असा माझा सवाल नाही, तिथे खरोखर काही उरलं नव्हतं. पण सांगोला आणि मंगळवेढा यांच्या हद्दीवर उपग्रहाचा चौकोन एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून बसतो. हद्दीच्या दोन्ही बाजूंचं पीक सारखंच वाळलेलं असताना तहसील बदललं की निकाल बदलतो. पुढच्या काही आठवड्यांत राज्यभर हजाराच्या आसपास महसूल मंडळांना दुष्काळसदृश म्हणून सवलती द्याव्याच लागल्या. तालुक्याचं माप फार मोठं पडलं, हे सरकारने स्वतःच मान्य केलं असा मी त्याचा अर्थ घेतो.

पूर्वी दुष्काळ पैसेवारीवर, म्हणजे कापणी करून काढलेल्या पिकाच्या उताऱ्यावर ठरायचा. पैसेवारी अजूनही काढतात. तेव्हा ती पन्नास पैशांच्या खाली आली की दुष्काळ. तिच्यात लबाडी चालायची हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिच्याशी भांडता यायचं. कापणी कुठल्या शेतात केली ते गावाला माहीत असायचं. लोक चावडीवर जाऊन म्हणायचे, तुम्ही विहिरीखालचं शेत निवडलंत. उपग्रहाशी कुणी भांडायचं आणि कुठल्या चावडीवर? मला पैसेवारी परत नको. मला उपग्रह हवा आहे, फक्त गावाने बोट ठेवून तपासता येईल असा.

आणि आता वेळ अशी आहे की हे लगेच करण्यात शहाणपण आहे. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार गेला, इस्रो आणि नासा यांचा मिळून. बारा मीटरची थाळी, दोन रडार. त्यातलं २४ सेंटीमीटर लहरीचं नासाचं, आणि दुसरं, आखूड लहरीचं, अहमदाबादच्या आपल्या अंतराळ उपयोग केंद्राचं. बारा दिवसांनी तो त्याच जागी त्याच वाटेने परत येतो. स्मॅपच्या बंद पडलेल्या रडारची जागा दहा वर्षांनी भरली असं म्हणायला हरकत नाही. त्याच्याकडून ओलीचं चित्र दोनशे मीटरच्या बारकाईने काढायचं ठरलं आहे. दोनशे मीटर म्हणजे चार हेक्टर, दहा एकर. माझी पाच एकर त्यात अर्धीच, पण शेजारी कोण आहे ते मला ठाऊक आहे. स्मॅप इतक्या जवळ कधी आला नव्हता.

पण रडारला स्वतःचे खोडे आहेत. ते लहर सोडतं आणि परतलेली उचलतं, त्यामुळे ओलीइतकाच त्याला जमिनीचा खडबडीतपणा जाणवतो. नांगरटीतली ढेकळं आणि कुळवलेली सपाट जमीन यांचा परतावा वेगळा, ओल सारखी असली तरी. काळीची ढेकळं तर बैलाला ठेच लागेल अशी असतात. ही ढेकळं, या भेगा, ही कोळपलेली धूळ ज्या गणिताने कधी पाहिलीच नाही, ते गणित दोनशे मीटरचा आकडा छातीठोकपणे देईल आणि तो पीकविम्याच्या तंट्यात पुरावा म्हणून येईल. चुकीचा आकडा ढोबळ असतो तेव्हा लोक त्याला हसतात. तोच बारीक झाला की कोर्टात टिकतो.

म्हणून सळ्या. सगळ्या दोन हजारांवर खांबांना एकदम नकोत. आधी मातीच्या नकाशावरून खोल काळी, मध्यम, हलकी, मुरमाड, कोकणातली जांभी असे गट पाडा आणि प्रत्येकात काही खांब निवडा. प्रत्येक खांबाशी तीन खोलींवर सळ्या हव्यात: पाच सेंटीमीटर, उपग्रहाशी ताडायला, तीस आणि साठ, पिकाशी ताडायला. सोबत येणारं तयार सूत्र तसंच वापरू नका. बाजारातल्या पुष्कळ सळ्यांचं मूळ टॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८०च्या सूत्रात आहे, ते कॅनडातल्या मातींवर बसवलेलं आहे आणि फुगणाऱ्या चिकणमातीत चुकतं. चारही कृषी विद्यापीठांत ओव्हन आहेत, तराजू आहेत, पदव्युत्तरची मुलं आहेत. प्रत्येक गटाच्या मातीसाठी सळी काय म्हणते आणि ओव्हन काय म्हणतं याचा तक्ता एका वर्षात होईल. फक्त ओव्हनला इन्व्हर्टर लावा.

एका सळीवरून अख्खं मंडळ कसं कळणार, ही शंका रास्त आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात ढवळलेला असेल तर. फ्रान्समधल्या व्हाशो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं की एका शिवारात काही जागा नेहमीच सरासरीपेक्षा ओल्या, काही नेहमीच कोरड्या, आणि काही थोड्या जागा वर्षभर सरासरीला धरून चालतात. ती जागा आधी शोधायची. एका हंगामात चार-पाच वेळा शिवारभर डबे भरले की ती सापडते. आपल्याकडे खांब कुठे उभा राहतो? जिथे सरकारी जागा मिळेल तिथे, कधी शाळेच्या आवारात, कधी दगडी माळावर. पावसाला ते चालतं, ओलीला चालत नाही. सळी खांबापासून शंभर पावलं दूर खऱ्या शेतात न्यावी लागली तरी न्यावी.

आणि आकडे उघडे ठेवा. मंडळनिहाय, रोज, मोबाईलवर, दोन रकान्यांत: सळीचा आकडा, आणि त्या मातीला मिळू शकणाऱ्या पाण्यापैकी किती शिल्लक आहे त्याची टक्केवारी. दुसऱ्या रकान्याला 'वापसा' असं नाव द्या, शेतकऱ्याला समजवायला पत्रक काढावं लागणार नाही. निसारवाल्यांनाही हे आकडे द्या. त्यांच्या पडताळणीत यांको आणि कारमनच्या पंगतीला एखादं मंगळवेढं, एखादं परभणी बसू द्या.

पहिली सळी माझ्या शेतात पुरायला माझी हरकत नाही. सात-बारा स्वच्छ आहे, रस्ता बांधापर्यंत येतो, आणि जागा सरासरीची आहे हे मी डबे भरून पाहिलं आहे. एकच विनंती. माणसं उन्हाळ्यात पाठवू नका, मार्चअखेर निधी संपवायचा असला तरी. तेव्हा जमीन उललेली असते, सळीभोवती पोकळी राहते आणि ती वर्षभर हवाच मोजत बसते. मृगाचे दोन पाऊस होऊ द्या, भेगा मिटू द्या, औत चालेल एवढं शेत सुकू द्या. त्या दिवशी मी कळवतो. खड्डा मी खणून ठेवीन, साठ सेंटीमीटर, आणि निघालेली माती थरांप्रमाणे तीन पाट्यांत वेगवेगळी, म्हणजे भरताना उलटसुलट होणार नाही.

आपला,
एक निवृत्त मृदाशास्त्र शिक्षक
ता. मंगळवेढा, जि. सोलापूर